बिदागी आणि गल्ला

मंडळी, शाळेचे पत्रे गळायला लागले, वाचनालयाला खोली हवी झाली, किंवा तालमीची भिंत खचली, म्हणजे गावाच्या पारावर एक सूचना हटकून येते. कोणीतरी म्हणतो, "गाण्याचा कार्यक्रम ठेवू या. तिकीट लावू. चार पैसे जमतील." सगळे माना डोलावतात. पावतीपुस्तक गुरुजींच्या हाती येते. पेटी वाजवणारा भजनी मंडळातला, तबलजी शेजारच्या गावचा, गाणारी मुलगी आपल्याच शाळेतून शिकून गेलेली. कार्यक्रम होतो, लोक खूश होतात. दुसऱ्या दिवशी गल्ला मोजायला बसावे, तर मंडपाचे एवढे, दिव्यांचे एवढे, चहापाण्याचे एवढे, आणि उरले ते पत्र्यांना. गाणाऱ्यांना काय दिले? नारळ आणि टाळ्या!

ही रीत आपल्याला फार जुनी वाटते. गाणे जुने आहेच. पण अनोळखी माणसाने दारात पैसे देऊन आत यावे, गाणे ऐकावे, आणि त्या पैशातून एखादे सार्वजनिक काम उभे राहावे, ही गोष्ट मराठी मुलुखात पावणेदोनशे वर्षांच्या आतली आहे. तिचे कितीतरी धागे आपल्याच सांगली-सातारा भागातून निघालेले आहेत. ते धागे एकदा नीट उलगडून पाहू. कारण पारावरच्या त्या सूचनेत एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो अजून सुटलेला नाही.

आधी सांगलीला जाऊ. साल १८४३. सांगलीचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहिले होते. तसे काही आपल्या भाषेत व्हावे, असे त्यांच्या मनात आले. त्यांनी आपल्या पदरच्या विष्णुदास भावे यांना ते काम सांगितले. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी वाड्यात 'सीतास्वयंवर' झाले. आजही ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन म्हणून आपण पाळतो, तो याचसाठी.

आता या खेळाचा खर्च कोणी केला? राजाने. पाहुणे कोणाचे? राजाचे. खेळ आवडला की मान राजाचा, आणि नटांच्या पोटाची काळजीही राजाचीच. पुढे १८५१ साली आप्पासाहेब वारले आणि आश्रय आटला. आता या मंडळींनी काय करावे? सोंगे पेटाऱ्यात घालून घरी बसावे? भावे बसले नाहीत. मंडळी घेऊन ते गावोगाव हिंडले, आणि १८५३ साली मुंबईच्या ग्रँट रोडवरच्या नाटकघरात त्यांनी तिकीट लावून खेळ केले.

हा बदल केवढा मोठा आहे, ते पाहा. वाड्यात बोलावणे आल्याशिवाय पाऊल टाकता येत नव्हते. नाटकघरात ज्याच्यापाशी तिकिटाचा पैसा आहे, तो बसला. राजाची खुर्ची रिकामी झाली आणि तिच्या जागी शंभर लहान खुर्च्या आल्या. मात्र त्याबरोबर दुसरेही एक घडले. राजा एकदा प्रसन्न झाला की वर्षाची सोय होई. प्रेक्षकाला रोज नव्याने प्रसन्न करावे लागते. कलावंताच्या डोक्यावरचे छत गेले आणि पायाखाली रस्ता आला.

सांगलीहून मिरज दोन कोसांवर. तिकडे चला. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणून रुजवली, आणि मिरजेत शिष्य तयार केले. त्यांतला एक मुलगा कुरुंदवाडचा, कीर्तनकाराचा. लहानपणी फटाक्याने त्याच्या डोळ्यांना इजा झाली, शाळा सुटली, आणि तो गाण्याकडे वळला. मिरजेच्या राजांनी त्याच्या शिक्षणाची व्यवस्था केली. हाच मुलगा पुढे पंडित विष्णू दिगंबर पलुस्कर.

राजाश्रयात त्यांना काही कमी नव्हते. मग १८९६ साली त्यांनी मिरज का सोडली? चरित्रकार एक प्रसंग सांगतात. गावात एक समारंभ होता आणि प्रतिष्ठितांना आमंत्रणे गेली होती. विष्णू दिगंबरांनाही होते, पण त्यांच्या गुरूंना नव्हते. का, तर ते गवई! प्रसंग शब्दशः असाच घडला असो वा नसो, त्या काळची रीत हीच होती. गवयाचे गाणे दिवाणखान्यात चाले, पण गवई पंगतीत चालत नसे.

विष्णू दिगंबर बाहेर पडले. हिंडत हिंडत सौराष्ट्रात त्यांनी जाहीर गायन केले. तोवर गाणे ऐकायचे ते देवळात किंवा सरदारांच्या वाड्यात. मग ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. कोणा एका संस्थानिकाच्या खजिन्यावर ते चालायचे नव्हते. लोकांच्या देणग्यांवर आणि गाण्याच्या कार्यक्रमांतून येणाऱ्या पैशावर चालायचे होते. कोणीही यावे, फी भरावी, शिकावे, अशी ती शाळा. १९०८ साली मुंबईला शाखा निघाली. विद्यार्थी वाढले. शाळेला आणि वसतिगृहाला इमारत हवी झाली, म्हणून त्यांनी कर्ज काढले.

शिक्षक बंधूंनी आणि भगिनींनी पुढचा भाग जरा लक्ष देऊन वाचावा. कर्ज फेडायचे कशाने? गाण्याने. पंडितजी गावोगाव जाऊन कार्यक्रम करीत, पैसे जमवीत, ते शाळेत घालीत. एका माणसाच्या गळ्यावर एक इमारत, तीत राहणारी मुले आणि त्यांची जेवणे उभी होती! हे किती दिवस निभावणार? १९२४ च्या सुमारास ते असेच दौऱ्यावर असताना सावकारांनी दावा लावला, आणि त्या वास्तूचा लिलाव झाला. त्यांची अखेरची वर्षे बरीचशी नाशिकला रामनामात गेली. २१ ऑगस्ट १९३१ रोजी त्यांचे निधन झाले, आणि ते झाले मिरजेतच. जिथून निघाले तिथेच येऊन ते थांबले.

मग सगळे बुडाले का? नाही. इमारत गेली, पण शिष्य राहिले. त्याच १९३१ साली त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापले. तुमच्या शाळेतली मुले संगीताच्या प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा परीक्षांना बसत असतील, तर त्या परीक्षांचे मूळ या कर्जबाजारी शाळेत आहे. इमारतीवर घातलेला पैसा लिलावात गेला. विद्यार्थ्यांवर घातलेला अजून व्याज देतो आहे.

मिरजेतच दुसरी एक कथा चालू होती. अब्दुल करीम खाँ साहेब उत्तर हिंदुस्थानातल्या कैरान्याचे. जन्म १८७२ सालचा, म्हणजे विष्णू दिगंबरांच्याच वर्षाचा. फिरत फिरत ते इकडे आले आणि मिरजेचे झाले. त्यांनीही शाळा काढली, पुण्यात, आर्य संगीत विद्यालय या नावाने. गरिबाची मुले तिथेच राहत, तिथेच शिकत. त्यांना पोसायचे कशावर? जलशांवर. खाँसाहेब शिष्यांना घेऊन तिकिटाचे जलसे करीत, आणि त्या उत्पन्नावर शाळा चाले. ती शाळाही फार वर्षे टिकली नाही. पण तिचेही फळ माणसांच्या रूपाने उरले. १९३७ साली प्रवासात खाँसाहेब वारले, तेव्हा त्यांचा देह मिरजेला आणून दर्ग्याच्या आवारात पुरला. तिथे उरुसाच्या वेळी मोठमोठे कलावंत सेवा म्हणून हजेरी लावतात.

खाँसाहेबांच्या कन्या हिराबाई बडोदेकर. त्यांचा जन्मही मिरजेचा, १९०५ चा. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या गायिकांमध्ये त्यांचे नाव घेतात. आज आपल्याला यात विशेष वाटणार नाही. पण त्या काळी बाईने गायचे ते श्रीमंताच्या बैठकीत, त्याच्या मर्जीने, त्याच्या वेळेला. ऐकणाऱ्याची नजर कशी असेल, ते बाईच्या हाती नसे. जाहीर मैफलीत दार उघडे, दिवे लख्ख, समोर बायकापोरांसह बसलेले लोक, आणि तिकिटाचा दर सर्वांना ठाऊक. तिथे बाई मानाने बसून गाऊ लागली. तिकिटाने पैसा आणला हे खरे, पण त्याने काही कलावंतांना इज्जतही मिळवून दिली, हे विसरू नये.

आतापर्यंत कलावंतांनी पैसा जमवला तो आपल्या मंडळीसाठी किंवा आपल्या शाळेसाठी. देशाच्या कामासाठी कलावंत उभे राहिले त्याचे ठळक उदाहरण १९२१ सालचे. लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी गेले. त्यांच्या नावाने स्वराज्य फंड उघडला गेला आणि देशभर मिळून १ कोटी रुपये जमवण्याचे ठरले. मुंबईत दोन नाटक कंपन्यांनी मिळून एक खेळ करावा, असे ठरले. एक गंधर्व नाटक मंडळी, दुसरी ललितकलादर्श. म्हणजे गल्ल्यासाठी एकमेकींशी चढाओढ करणाऱ्या दोन कंपन्या! बालगंधर्वांचे नाते पलूसजवळच्या नागठाण्याशी, केशवराव भोसले कोल्हापूरचे, आणि नाटक 'मानापमान', ते लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे. गंमत अशी, की खाडिलकरांचा जन्मही १८७२ चाच. ८ जुलै १९२१ रोजी बालगंधर्वांची भामिनी आणि केशवरावांचा धैर्यधर एका रंगमंचावर उभे राहिले. पैसा फंडात गेला.

तीन महिने पुरे व्हायच्या आत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव वारले. वय अवघे एकतीस. बालगंधर्वांची कंपनी पुढे कर्जाच्या ओझ्याखाली आली. ज्यांच्या एका रात्रीच्या गाण्याने देशाच्या फंडात भर घातली, त्यांच्या स्वतःच्या वह्यांत मात्र देणेच देणे होते. यात एकाचाच दोष आहे असे मी म्हणत नाही. बालगंधर्वांची उधळीही प्रसिद्ध होती. पण कलावंत देत असताना आपण टाळ्या वाजवतो, आणि त्याच्यावर वेळ आली की त्याला व्यवहार कळत नव्हता म्हणतो, ही आपली सवय जरा तपासून पाहावी.

आणखी एक प्रसंग सांगतो. तो ऐकायला अवघड आहे, पण त्यावाचून ही कहाणी पुरी होत नाही. वाळवे तालुक्यातले रेठरे हरणाक्ष हे पठ्ठे बापूरावांचे गाव. जातीने ब्राह्मण, घरचे कुलकर्णी, पण वतन आणि घर सोडून ते तमाशात गेले. पवळाबाईच्या आणि त्यांच्या जोडीने मुंबईचा तमाशा गाजवला. १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडचा सत्याग्रह केला. त्या कार्याला आपल्या काही खेळांचे उत्पन्न द्यावे, असे बापूरावांनी बोलून दाखवले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, असे सांगतात. का नाकारले? पैशाची गरज नव्हती म्हणून? गरज तर फार होती. पण ज्या समाजाच्या माणुसकीसाठी लढा होता, त्याच समाजातल्या बायकांना फडावर नाचवून आलेला तो पैसा होता. तो त्या कामाला कसा चालावा?

मंडळी, बापूरावांची भावना खोटी होती असे नाही. ते स्वतःही पुढे हलाखीत १९४५ साली वारले. पण बाबासाहेबांच्या नकाराने एक गोष्ट कायमची पुढे ठेवली आहे. मदतीचा खेळ करताना पैसा कोणत्या कामाला जातो एवढेच पाहून भागत नाही. तो कोणाच्या कष्टातून आला, आणि ज्याने घाम गाळला त्याला काय मिळाले, हेही पाहावे लागते. पारावरच्या सूचनेत दडलेला प्रश्न म्हणतो तो हाच.

आता शेवटी सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यातल्या औंधला जाऊ. तिथले राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रे काढीत, स्वतः कीर्तन करीत. आयुष्यभर जमवलेली चित्रे आणि शिल्पे त्यांनी यमाईच्या डोंगरावर एक वास्तू बांधून तीत ठेवली. श्रीभवानी वस्तुसंग्रहालय ते हेच, १९३८ सालचे. राजा रविवर्म्याची चित्रे तिथे आहेत, धुरंधरांची आहेत, आणि हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचे आई-मुलाचे दगडी शिल्पही आहे. मुंबई-कलकत्त्याच्या माणसाने पाहायला यावे अशी चित्रे माणदेशाच्या उंबऱ्यावर, जोंधळ्याच्या रानात! पुढे १९३९ साली याच राजांनी आपला राज्यकारभारही रयतेच्या हाती दिला.

त्याच औंधात पंडित अंतुबुवा जोशी हे दरबारचे गवई. तेही मिरजेच्या बाळकृष्णबुवांचेच शिष्य. म्हणजे मिरजेतून निघालेला तोच धागा इथे येऊन पोचला. आपले सद्गुरू शिवानंद स्वामी यांच्या पुण्यतिथीला अंतुबुवांनी १९४० सालापासून गाण्याचा उत्सव सुरू केला. आश्विनात, सुगीच्या तोंडावर, कलावंत यायचे आणि दत्ताच्या देवळापाशी गायचे. समोर औंधचे आणि आजूबाजूच्या वाड्यांचे लोक. तिकीट नाही, आमंत्रण नाही.

१९४८ साली संस्थान विलीन झाले. सांगलीत १८५१ साली जे घडले तेच पुन्हा आले. राजाश्रय संपला. चित्रांचे काय झाले? संग्रहालय राहिले, पुढे ते सरकारच्या देखरेखीखाली आले, आणि आज कोणीही डोंगर चढून जाऊन ती चित्रे पाहू शकतो. गाण्याचे काय झाले? तेही राहिले. अंतुबुवांच्या नंतर त्यांचे चिरंजीव पंडित गजाननबुवा जोशी यांनी उत्सव पुढे नेला. १९८१ साली त्यासाठी प्रतिष्ठान स्थापन केले. १९८७ साली गजाननबुवा गेले, आणि तरीही शिष्यांनी उत्सव चालू ठेवला. जिथे एके काळी दरबार होता, तिथे आता शिष्यांचे श्रम आहेत, रसिकांच्या देणग्या आहेत आणि गावकऱ्यांची उठबस आहे.

म्हणून औंध पाहताना मला वाटते, की चित्राचे आणि गाण्याचे नाते इथे फार चांगले कळते. चित्र एकदा भिंतीवर लागले की त्याला राखणदार आणि छप्पर पुरते. गाणे मात्र दर वर्षी नव्याने उभे करावे लागते. कोणी शिकवावे, कोणी शिकावे, कोणी साथीला बसावे, कोणी रात्रभर ऐकावे, तेव्हा ते एका रात्रीपुरते असते. सकाळी सतरंजी झटकली की संपले. म्हणून गाण्याला राखायचे म्हणजे गाणाऱ्याला राखायचे. दुसरा उपाय नाही.

आता आपल्या गावाकडे परत येऊ. शाळेचे पत्रे अजून गळताहेत, आणि कार्यक्रम तर ठेवायचा आहे. खुशाल ठेवा. आपल्या मुलुखाने हा मार्ग दाखवला आहे, तो चांगला आहे. पण ज्यांनी दाखवला त्यांनी त्याची किंमतही मोजली आहे. ती किंमत आपण पुन्हा कोणाकडून वसूल करू नये. त्यासाठी तीनच गोष्टी सांगतो.

पहिली, पैसा कशाला हवा ते तिकिटावरच छापा. "शाळेच्या मदतीसाठी" एवढे पुरे नाही. पत्र्यांसाठी की पुस्तकांसाठी, ते स्पष्ट लिहा. लोक कारणाला पैसा देतात, आणि नेमके कारण असले की हात सैल सोडतात.

दुसरी, जमाखर्च गावापुढे वाचा. ग्रामसभेत वाचा, शाळेच्या फळ्यावर खडूने लिहा. वरच्या वर्गातल्या मुलांकडूनच बेरजा करून घ्या. गणिताचा यापेक्षा चांगला धडा कोणता? आपल्या गावात पैशाचा हिशेब उघडा असतो, हे मुलाला लहानपणी दिसले, तर ते मोठेपणी कामाला येईल.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कलावंताची बिदागी हिशेबात सर्वांत वर लिहा. मंडपवाल्याच्या वर, दिवेवाल्याच्या वर. रक्कम लहान असो. गाणारा म्हणेल, "अहो, शाळा आपलीच, मला काही नको." तरी पाकीट त्याच्या हाती द्या. पेटीवाल्याला द्या, तबलजीला द्या, कोरसमध्ये उभ्या राहिलेल्या मुलीच्या एसटीचे भाडे द्या. मग त्यांना वाटले तर ते पाकीट ते स्वतः फंडात टाकतील. तेव्हा ती त्यांची देणगी होईल, आणि देणगीदारांच्या यादीत त्यांचे नाव लागेल. आज आपण त्यांची देणगी त्यांना न विचारताच घेऊन टाकतो, आणि यादीत सावकाराचे नाव वर घालतो.

विष्णू दिगंबरांच्या गुरूंना समारंभाचे आमंत्रण नव्हते, असे सांगतात. त्या गोष्टीला सव्वाशे वर्षे होऊन गेली. तुमच्या शाळेत पुढचा कार्यक्रम होईल तेव्हा पाहुण्यांच्या ओळीत पहिली खुर्ची कोणाची, ते गुरुजी, तुम्हीच ठरवायचे आहे.